कमेंटमधले उदाहरण कोणी चालवून पाहते का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मी ठाण्यात राहतो आणि ऐरोलीत नोकरी करतो. आमचा लहानसा गट गृहनिर्माण संस्थांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळतो. त्याच्या मुळाशी आम्हीच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, आहे; देखभाल खर्चाची आकारणी, थकबाकीवरचे व्याज, पावत्यांचे क्रमांक, तारखांची वजाबाकी असे सगळे तिच्यात आहे. ती आमच्याच कार्यालयातले इतर गटही वापरतात. त्यांना आमच्याकडून लेखी माहिती मिळते ती एवढीच: प्रत्येक फंक्शनच्या आरंभी लिहिलेली कमेंट, म्हणजे डॉकस्ट्रिंग.

गेल्या महिन्यात जे घडले ते सविस्तर सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निघाला आहे. व्याज काढणाऱ्या फंक्शनमध्ये पुढील उदाहरण लिहिलेले होते. मूळ नावे रोमन लिपीत आहेत; वाचायला सोपे जावे म्हणून इथे मराठीत देतो.

>>> व्याज(१०००, २१, ९०)
५१.७८

एक हजाराची थकबाकी, दरसाल २१ टक्के सरळ व्याज, नव्वद दिवस. वर्षाचे २१० रुपये, त्याला ९० ने गुणून ३६५ ने भागले की ५१ रुपये ७८ पैसे येतात, म्हणजे लिहिले तेव्हा उदाहरण बरोबर होते. पुढे मी स्वतःच या फंक्शनमध्ये दर टक्क्यांऐवजी अपूर्णांकात, म्हणजे ०.२१ असा, घ्यायला सुरुवात केली, कारण लायब्ररीतली बाकीची फंक्शने तसाच दर घेत होती. कोड बदलला, टेस्ट बदलल्या, सहकाऱ्यांचा रिव्ह्यू झाला, बदल मुख्य कोडमध्ये मर्ज झाला. उदाहरण जसे होते तसेच राहिले आणि ते कोणाच्याही नजरेस आले नाही.

आता नव्या सहकाऱ्याने एका संस्थेसाठी बिलांचा वेगळा भाग लिहिताना ते उदाहरण वाचले आणि दराच्या जागी २१ घातले. हजार रुपयांच्या थकबाकीवर तीन महिन्यांचे व्याज ५१७८ रुपये ८ पैसे निघाले. घोडबंदर रस्त्यावरच्या त्या संस्थेच्या खजिनदारांनी नमुन्याची बिले पाहिली, म्हणून हे सभासदांपर्यंत पोहोचले नाही. बोलणी त्या मुलाला बसली, याचे मला फार वाईट वाटते. कमेंट वाचून काम कर, असे आम्हीच त्याला सांगितले होते आणि त्याने तसेच केले होते. चूक माझी होती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की, कमेंटमधल्या वर्णनापेक्षा उदाहरणावर वाचणाऱ्याचा विश्वास कितीतरी अधिक असतो. 'दर अपूर्णांकात द्यावा' हे वाक्य डोळ्यांखालून निसटते. उदाहरण मात्र उचलून आपल्या फाइलमध्ये ठेवले जाते. मग जे इतके उचलले जाते तेच कोणी तपासत नसेल, तर ते लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार आहे? उदाहरण नसते तर त्या मुलाने निदान कोड उघडून पाहिला असता.

तुमच्याकडे लायब्ररीच्या कमेंटमध्ये उदाहरणे लिहिण्याची काय पद्धत आहे, ती कोण तपासतो, आणि किती लिहावीत, हे जाणून घ्यायचे आहे.

वागळेवाला

तुम्ही उदाहरणाच्या आधी ती तीन चिन्हे लिहिली आहेत, म्हणजे अर्धे काम आधीच झालेले आहे. पायथनमध्ये 'डॉकटेस्ट' नावाचे मॉड्यूल अंगचेच आहे. टिम पीटर्स यांनी ते लिहिले आणि २००१ साली आलेल्या पायथन २.१ पासून ते भाषेसोबत मिळते. ते डॉकस्ट्रिंगमध्ये ही तीन चिन्हे शोधते, त्यापुढची ओळ खरोखर चालवते आणि मिळालेले उत्तर खाली लिहिलेल्या उत्तराशी अक्षरशः ताडून पाहते. जुळले नाही तर टेस्ट पडते. ज्या दिवशी तुम्ही दराची पद्धत बदलली, त्याच दिवशी बिल्ड, म्हणजे कोड जोडून टेस्ट चालवण्याची आपोआप होणारी प्रक्रिया, थांबली असती. टेस्ट चालवण्यासाठी पायटेस्ट हे साधन वापरत असाल तर एक पर्याय चालू केला की बाकीच्या टेस्टबरोबर हीही चालतात.

मात्र 'अक्षरशः' या शब्दाचा त्रास आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या गटाने एकदा वैतागून डॉकटेस्ट बंद केले होते. उत्तर म्हणून सेट, म्हणजे ठरावीक क्रम नसलेला संच, छापला तर त्यातल्या शब्दांचा क्रम प्रत्येक वेळी वेगळा येऊ शकतो, कारण पायथन ३.३ पासून अक्षरमाळांचे हॅश (सेटमधली जागा ठरवणारे आकडे) दर खेपेला नव्याने ठरतात. एखादी वस्तू थेट छापली तर तिचा मेमरीतला पत्ता उत्तरात उमटतो आणि तो पुढच्या वेळी बदलतो. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या २.० आवृत्तीत, म्हणजे २०२४ साली, एकेरी संख्या छापण्याची पद्धत बदलली. पूर्वी नुसता आकडा दिसे, आता त्याभोवती प्रकाराचे नावही दिसते. गणित तेच राहिले, तरी आमची कितीतरी उदाहरणे एका अपडेटमध्ये पडली.

त्यावर उपाय आहेत. सेट छापण्याऐवजी तो क्रमाने लावून छापावा, किंवा अपेक्षित सेटशी तुलना करून उत्तर 'ट्रू' येते हे दाखवावे. बदलणाऱ्या मजकुराच्या जागी तीन टिंबे चालवून घेण्याची सोय डॉकटेस्टमध्येच आहे. पण टिंबांचा अतिरेक झाला की उदाहरण काहीच सांगत नाही, हे लक्षात ठेवावे.

नेरूळची_टेस्टर

डॉकटेस्ट चालू करा, यात दुमत नाही. परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा की उदाहरणात कोणते आकडे घ्यायचे. रोज दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या तपासताना मला असे दिसते की बहुतेक उदाहरणे चालतात, बरोबरही असतात, आणि तरीही वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

तारखेचे घ्या. ०५/०६/२०२४ ही तारीख देऊन फंक्शन कसे वापरावे हे दाखवले, तर पाच जून की सहा मे, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. तेच २५/१२/२०२४ लिहिले की एकही शब्द न लिहिता दिवस आधी आणि महिना नंतर, हे स्पष्ट होते. फंक्शनला दोन पॅरामीटर, म्हणजे द्यायच्या किमती, असतील तर दोघांना सारखा आकडा कधीही देऊ नये. २ आणि २ घेऊन ४ उत्तर दाखवले, तर ती बेरीज आहे, गुणाकार आहे की घात आहे, हे उदाहरणावरून सांगता येत नाही. तुमचे व्याजाचे उदाहरण या कसोटीवर चांगले होते. तिन्ही आकडे वेगळे होते आणि कोणता कशाचा हे ओळखू येत होते. म्हणूनच त्या मुलाने त्यावर भरवसा ठेवला.

दुसरे असे की, जिथे वाचणारा अडखळणार आहे नेमके तिथलेच उदाहरण द्यावे. पायथनच्या स्वतःच्या दस्तऐवजात याचे फार प्रामाणिक नमुने आहेत. डावीकडची अक्षरे काढणारे 'एलस्ट्रिप' अनेकांना पूर्ण शब्द काढणारे वाटते, प्रत्यक्षात ते दिलेल्या अक्षरांच्या संचातले जे सापडेल ते काढत जाते. तिथल्या उदाहरणात 'आर्थर: थ्री!' या इंग्रजी मजकुरातून पुढचे 'आर्थर: ' काढायला सांगितले आहे, आणि 'थ्री'मधली टी, एच, आर ही अक्षरेही गळून शेवटी दोन ई आणि उद्गारचिन्ह उरते. त्याच्याच शेजारी ३.९ आवृत्तीत आलेले 'रिमूव्हप्रिफिक्स' तोच मजकूर घेऊन 'थ्री!' असे अपेक्षित उत्तर देताना दाखवले आहे. ही दोन उदाहरणे एकाखाली एक वाचली की दोन्हींतला फरक आयुष्यभर विसरला जात नाही. 'टायटल' या फंक्शनच्या उदाहरणातही ॲपॉस्ट्रॉफीनंतरचे अक्षर चुकीच्या जागी मोठे झालेले दाखवले आहे. आपल्या फंक्शनचा दोष उदाहरणातच उघड लिहिणाऱ्या लेखकाबद्दल मला आदर वाटतो.

तुमच्या व्याजाच्या फंक्शनला मी आणखी दोनच उदाहरणे जोडली असती. शून्य दिवसांचे व्याज किती, आणि लीप वर्षात भाजक ३६५ की ३६६. खजिनदार पहिल्याच बैठकीत हेच दोन प्रश्न विचारतात.

घणसोली

आमचे सगळे काम जावा भाषेत आहे. कमेंटमधून दस्तऐवजाची पाने बनवणाऱ्या जावाडॉकमध्ये अशी काही सोय आहे का? आम्ही उदाहरणे लिहितो, पण ती तपासली जात नाहीत.

वागळेवाला

@घणसोली, पायथनसारखी आपोआप चालवण्याची सोय जावाडॉकमध्ये नाही. पण मार्च २०२२ मध्ये आलेल्या जेडीके १८ (जावाचा साधनसंच) पासून 'स्निपेट' नावाचा टॅग मिळतो. त्याआधी उदाहरण कमेंटमध्येच टाइप करावे लागे आणि कंपायलरच्या, म्हणजे कोड तपासून त्याचा चालण्याजोगा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या, दृष्टीने तो निव्वळ मजकूर असे. स्निपेटमध्ये बाहेरच्या जावा फाइलचे नाव आणि त्यातला खूण केलेला भाग सांगता येतो. ती फाइल तुम्ही आपल्या टेस्टबरोबर कंपाइल करून चालवावी. जावाडॉक स्वतः ती चालवत नाही, हे काम बिल्डमध्ये आपणच जोडायचे. इतके केले तरी फंक्शनचे नाव बदलल्यावर उदाहरण जुनेच राहिले, असे पुन्हा होणार नाही.

उदाहरण कसे निवडावे हे पाहायचे असेल तर जावाच्याच 'स्ट्रिंग'मधले 'स्प्लिट' उघडा. तिथे एकच छोटा मजकूर निरनिराळ्या मर्यादा देऊन तोडला आहे आणि शेवटचे रिकामे तुकडे कधी राहतात, कधी गळतात, ते तक्त्यात मांडले आहे. मी अजूनही दरवेळी तोच तक्ता उघडतो.

माजिवडा_गो

आम्ही गो आणि रस्ट या दोन्ही भाषा वापरतो, आणि दोघांनी हा प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी सोडवला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रस्टमध्ये फंक्शनच्या वरच्या कमेंटमधला कोड हा मुळातच टेस्ट समजला जातो. नेहमीची टेस्टची आज्ञा दिली की तो प्रत्येक तुकडा कंपाइल होतो आणि चालतो. काही वेगळे चालू करावे लागत नाही. उदाहरणाला लागणारी पण वाचणाऱ्याला नको असलेली तयारीची ओळ # ने सुरू केली की ती चालते, मात्र पानावर दिसत नाही. नेटवर्क लागणारे उदाहरण नुसतेच कंपाइल करावे, चालवू नये, असे सांगता येते. आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की, 'हे कंपाइल होता कामा नये' असेही उदाहरणावर लिहिता येते. लायब्ररीचा चुकीचा वापर कंपायलर खरोखर अडवतो, याची साक्ष कमेंटमध्येच मिळते. तोटा वेळेचा होता, कारण प्रत्येक तुकड्याचा स्वतंत्र प्रोग्राम तयार होई. भाषेच्या २०२४ च्या एडिशनमध्ये शक्य ते तुकडे एकत्र कंपाइल होऊ लागले, त्यामुळे बराच फरक पडला.

गोमध्ये उदाहरण कमेंटमध्ये लिहीतच नाहीत. टेस्टच्या फाइलमध्ये 'एक्झाम्पल' या शब्दाने सुरू होणारे फंक्शन लिहायचे, आणि त्याच्या शेवटी 'आउटपुट' अशी कमेंट करून अपेक्षित उत्तर मांडायचे. ते उत्तर टेस्टमध्ये ताडले जाते आणि दस्तऐवजाच्या पानावर तेच उदाहरण मूळ फंक्शनच्या खाली उमटते. क्रम बदलू शकत असेल तर 'अनऑर्डर्ड आउटपुट' असे लिहिता येते. एक खाचखळगा मात्र आहे: 'आउटपुट' ची ओळ लिहायची राहिली, तर उदाहरण कंपाइल होते पण चालत नाही, आणि सगळे हिरवे दिसत राहते. आमच्याकडे हे दोनदा झाले आहे.

महापे_सी

मी वीज मीटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे मीटरच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरवर, काम करतो आणि या चर्चेतला उत्साह मला पूर्णपणे पटलेला नाही, म्हणून विरोधी बाजू मांडतो. पहिली अडचण लांबीची आहे. सहा ओळींच्या फंक्शनवर चाळीस ओळींची कमेंट असेल, तर कोड वाचणाऱ्याला कोडच सापडत नाही. लायब्ररी वापरणाऱ्याची सोय पाहताना ती दुरुस्त करणाऱ्याची गैरसोय होते, आणि रात्री अकरा वाजता दुरुस्ती तोच करत असतो. दुसरी अडचण अशी की, आमचे उदाहरण चालायला समोर मीटर जोडलेला लागतो. ते बिल्डच्या सर्व्हरवर कसे चालवायचे?

माजिवडा_गो

@महापे_सी, लांबीचा मुद्दा मला मान्य आहे. माझा स्वतःचा नियम असा की फंक्शनजवळ दोन किंवा तीन उदाहरणे ठेवावीत: एक नेहमीच्या वापराचे, एक अडखळण्याच्या जागेचे, आणि चुकीचे इनपुट दिल्यावर काय होते हे सांगण्याजोगे असेल तर तिसरे. बाकी सगळे टेस्टच्या फाइलमध्ये जावे. उदाहरण वाचणाऱ्यासाठी लिहायचे असते. प्रत्येक कोपरा झाकण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली की ते वाचवत नाही.

मीटरबाबत विचाराल तर कोडमधून दस्तऐवज बनवणाऱ्या डॉक्सिजन या साधनात खऱ्या फाइलमधला खुणा केलेला भाग उचलून पानावर आणण्याची सोय आहे. उदाहरणांचे एक फोल्डर करून ते रोजच्या बिल्डमध्ये नुसते कंपाइल करावे. मीटर नसला तरी फंक्शनचे नाव, पॅरामीटरांची संख्या आणि त्यांचे प्रकार बरोबर आहेत, इतकी खात्री त्यातून मिळते. खाडीकाठ यांच्या चुकीसारखी चूक मात्र यात सापडणार नाही, कारण २१ आणि ०.२१ हे दोन्ही कंपायलरच्या लेखी चालण्यासारखेच आहेत. त्यासाठी उदाहरण चालवावेच लागते.

महापे_सी

फोल्डरची कल्पना आमच्याकडे करता येण्यासारखी आहे. धन्यवाद.

नौपाडा_मास्तर

मी डिप्लोमाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो. इथे एक मुद्दा अजून आलेला नाही आणि तो आपल्या भाषेचा आहे, म्हणून लिहितो.

अक्षरमाळांवर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक लायब्ररीत उदाहरण असते ते 'हॅलो'चे, इंग्रजी पाच अक्षरांचे. त्यात अक्षरे पाच, कोड पॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) पाच, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीतले बाइटही पाच, त्यामुळे फंक्शन नेमके काय मोजते हे त्या उदाहरणावरून कधीच कळत नाही. त्याजागी 'ठाणे' घालून पाहा. आपल्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये ठ, काना, ण आणि मात्रा असे चार कोड पॉइंट आहेत. आणि देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागत असल्याने बाइट बारा होतात. पायथन लांबी ४ सांगतो, रस्ट १२ सांगतो. रस्टच्या दस्तऐवजात लांबीच्या उदाहरणात साध्या 'फू' शब्दाबरोबर वळणदार एफ असलेला 'फू'ही मुद्दाम घेतला आहे, आणि त्या तीन अक्षरांची लांबी ४ येते असे दाखवले आहे. लेखकाने केवळ एक अक्षर बदलले, पण लांबी बाइटमध्ये मोजली जाते हे त्या एका अक्षराने सांगून टाकले.

माझ्या एका विद्यार्थ्याने संस्थेच्या सभासदांना एसएमएस पाठवण्याचा प्रकल्प केला होता. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते. त्याने वापरलेल्या लायब्ररीत मजकूर छाटणारे फंक्शन होते आणि उदाहरण अर्थातच इंग्रजी होते. 'क्षमा' हा शब्द दुसऱ्या कोड पॉइंटवर तुटला आणि संदेशाच्या शेवटी पाय मोडलेला 'क्' उरला. मुलाने दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधली.

आकड्यांचेही असेच आहे. देवनागरी '१२३' पायथनच्या 'इंट'ला दिले तर तो १२३ ही संख्या नीट परत करतो. जावास्क्रिप्टचा 'नंबर' मात्र ही संख्याच नव्हे असे सांगतो. माझी सर्वांना मनापासून विनंती आहे की, मजकूर किंवा आकडे घेणारे फंक्शन लिहिलेत तर त्याच्या कमेंटमध्ये एक तरी उदाहरण मराठी मजकुराचे द्या. कदाचित ते उदाहरण लिहितानाच तुमच्या फंक्शनची चूक तुम्हाला दिसेल.

नेरूळची_टेस्टर

मास्तरांच्या मुद्द्याला जोडून थोडे सांगते. उदाहरणात खऱ्या सभासदाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा ईमेल कधीही घालू नये. हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. लिहिणाऱ्याने समोरच्या डेटाबेसमधली पहिली ओळ उचललेली असते आणि ती रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्याच्या, इतिहासात कायमची राहते. 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे डोमेन १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने अशाच कामासाठी राखून ठेवले आहे, आणि आयपी पत्ता हवा असेल तर १९२.०.२ ने सुरू होणारे पत्ते दस्तऐवजांसाठी राखीव आहेत. डेटाबेसच्या लायब्ररीत क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) मजकुराची जोडाजोड करून बनवलेली दाखवू नये, पॅरामीटर देऊनच दाखवावी. मुद्दा वेगळाच समजावायचा असला, तरी उचलली जाते ती पूर्ण ओळ.

खाडीकाठ (धागाकर्ता)

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांच्या सूचना गटापुढे ठेवल्या आणि डॉकटेस्ट बिल्डमध्ये जोडले. पहिल्याच खेपेला अकरा उदाहरणे पडली. बहुतेकांची कारणे साधी होती: नाव बदललेली फंक्शने, वाढलेले पॅरामीटर, एका ठिकाणी सेटचा क्रम. ती एका दुपारी दुरुस्त झाली. व्याजाच्या फंक्शनला शून्य दिवसांचे आणि लीप वर्षाचे उदाहरण जोडले, आणि सभासदाचे नाव छाटणाऱ्या फंक्शनला 'क्षमा'चे.

एका उदाहरणाने मात्र आम्हाला थांबवले. बिलाची रक्कम पूर्ण रुपयात करणाऱ्या फंक्शनखाली असे लिहिले होते:

>>> पूर्ण_रुपये(१४२.५०)
१४३

चालवल्यावर उत्तर १४२ येत होते. पायथनचा 'राउंड' बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतो, म्हणून १४२.५० चे १४२ होतात आणि १४३.५० चे १४४. आमच्या टेस्टमध्ये नेमकी १४३.५० हीच रक्कम होती, त्यामुळे ती टेस्ट इतकी वर्षे हिरवी राहिली. आकडे कसे निवडावेत याबद्दल नेरूळच्या टेस्टर यांनी जे लिहिले त्याचा अर्थ मला त्या दिवशी खरा समजला.

उदाहरण बदलून १४२ करावे, असे गटातल्या एकाने सुचवले. बिल्ड लगेच हिरवी झाली असती. आम्ही तसे न करता त्याच खजिनदारांना फोन केला. पन्नास पैसे आणि त्यावरची रक्कम पुढच्या रुपयात धरावी, असा त्यांच्या संस्थेचा ठराव आहे, आणि ते उदाहरण लिहिणाऱ्याने तो ठराव वाचूनच लिहिले होते. म्हणून या वेळी उदाहरण तसेच ठेवले आणि कोड बदलला. डेसिमल मॉड्यूलमध्ये अर्ध्यावरची रक्कम वर नेण्याचा पर्याय आहे, तो घेतला. खाली १४३.५० चेही उदाहरण लिहिले आहे, म्हणजे सम आणि विषम दोन्ही रुपये एकाखाली एक दिसतील. हा बदल त्या नव्या सहकाऱ्यानेच केला. जुन्या बिलांत कोणाकोणाचा रुपया कमी धरला गेला, त्याची यादी तो आता काढतो आहे.